‘सैतानाने फसवले’ म्हणून सुटता येते का? ख्रिस्ती विचारातले पाप, मोह आणि जबाबदारी

2018 च्या जुलैमध्ये राष्ट्रीय महिला आयोगाने केंद्र सरकारकडे एक शिफारस केली आणि केरळातली चर्चे खवळून उठली. धर्मगुरूपुढे पाप कबूल करण्याची प्रथाच बंद करावी, अशी ती शिफारस होती. कारण गंभीर होते. मलंकारा ऑर्थोडॉक्स सीरियन चर्चच्या काही धर्मगुरूंनी कबुलीत सांगितलेली खासगी गोष्ट हाती धरून एका विवाहित महिलेला धमकावले आणि तिचे लैंगिक शोषण केले, असा आरोप होता. ही सरकारची भूमिका नाही, असे केंद्रीय मंत्री के. जे. अल्फोन्स यांनी सांगितले आणि प्रथा चालू राहिली.

पण त्या वादात एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला, आणि तो आजही विचारला जातो : पाप करायचे, फादरच्या कानात सांगायचे आणि मोकळे व्हायचे, ही कसली पद्धत? यात माणसाची स्वतःची जबाबदारी कुठे राहिली? हिंदी सिनेमात जाळीच्या खिडकीपलीकडे बसलेले फादर आणि अलीकडे गुडघे टेकलेला गुन्हेगार इतक्यांदा पाहिला आहे, की असा समज होणे साहजिक आहे.

उत्तर द्यायचे तर कबुलीच्या बरेच आधीपासून सुरुवात करावी लागते. आणखी एक ध्यानात ठेवायचे, सगळे ख्रिस्ती एका मताचे नाहीत. वसई आणि गोव्यातले बहुसंख्य कॅथलिक, म्हणजे रोमच्या पोपना मानणारे. अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, त्या भागात अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभ्या राहिलेल्या मंडळ्या प्रॉटेस्टंट. केरळात ऑर्थोडॉक्स परंपराही जुनी आहे. पाप या विषयावर या तिघांचे पुष्कळ जुळते, आणि जिथे जुळत नाही तिथे शतकानुशतके भांडणे झाली आहेत.

## पाप म्हणजे फक्त नियम मोडणे नव्हे

आपल्याकडे पाप-पुण्य म्हटले की डोळ्यांपुढे खातेवही येते. इकडे चुकलो, तिकडे दानधर्म केला, शिल्लक काय उरली ते चित्रगुप्त बघेल. ख्रिस्ती विचारात अशी वजाबाकी नाही. पाप म्हणजे देवाशी आणि शेजाऱ्याशी असलेले नाते बिघडवणे. म्हणून एकही कायदा न मोडता पाप घडू शकते. येशूने सांगितलेल्या दाखल्यात वाटेवर एक माणूस लुटारूंच्या हातून अर्धमेला होऊन पडला आहे. एक याजक येतो, बाजूने निघून जातो. एक लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, येतो, तोही निघून जातो. दोघांनी त्याला हातसुद्धा लावलेला नाही, आणि दोषी ठरतात तेच. कॅथलिक मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, सुरुवातीला लोक छातीवर हात मारून जी कबुली एकत्र म्हणतात, तिच्यात विचार, शब्द आणि कृती यांच्या जोडीला जे करायला हवे होते आणि केले नाही तेही येते.

कर्माच्या सिद्धांताशी याची तुलना होणारच. ढोबळ मानाने बोलायचे तर कर्माचे फळ आपोआप येते, ते कोणी द्यावे लागत नाही. ख्रिस्ती मांडणीत अन्याय कोणावर तरी झालेला असतो, म्हणून क्षमा मागता येते आणि ती मिळूही शकते. अर्थात मराठी माणसाला हे अगदी परके वाटू नये. तुकोबांच्या कितीतरी अभंगांत स्वतःला पतित म्हणवून विठ्ठलाला शरण जाणारी आर्तता आहे, आणि 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ताकडे येण्याच्या आपल्या वाटेचे श्रेय तुकारामालाही दिले होते.

## मोह झाला म्हणजे पाप झाले का?

नाही. भल्याभल्या भाविकांचाही इथे गोंधळ होतो. शुभवर्तमानात खुद्द येशूला अरण्यात चाळीस दिवस उपवास झाल्यावर मोह होतो : दगडांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, माझ्या पाया पड म्हणजे सगळी राज्ये तुझी. इब्री लोकांस लिहिलेले पत्र तर स्पष्टच म्हणते, की तो सर्व प्रकारे आपल्यासारखा पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. मोहच पाप असता तर हे वाक्य लिहिताच आले नसते.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. पुढे तिच्यातूनच प्रसिद्ध ‘सात पापे’ आली. इव्हाग्रियसचे म्हणणे असे, की हे विचार मनात यावेत की नाही हे आपल्या हातात नाही, पण त्यांनी तिथे मुक्काम करावा की नाही हे आहे. सहाव्या शतकातले पोप ग्रेगरी यांनी याच्या तीन पायऱ्या सांगितल्या : आधी सूचना, मग त्या सूचनेची गोडी, मग संमती. जबाबदारीचा खरा खिळा ठोकला जातो तो संमतीवर. बाकी सगळे त्या खिळ्याभोवतीच फिरते.

यावर लोक मत्तयाच्या शुभवर्तमानातले वाक्य काढतात. परस्त्रीकडे कामेच्छेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच, असे येशू म्हणतो; मग मनात येणेही पापच ना? तिथे येशू बोलतो आहे ते मुद्दाम, मनात हेतू धरून पाहण्याबद्दल. नजर गेली आणि नजर ठेवली, यांतला फरक कोणत्याही गावच्या पारावर बसणाऱ्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

हा फरक सुटला की माणूस उलट्या बाजूने आजारी पडतो. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला 1522 च्या सुमारास स्पेनमधल्या मानरेसा गावी राहत होते. तिथे पूर्वी कबूल केलेली पापे नीट सांगितली गेली नाहीत या धास्तीने ते पुन्हा पुन्हा कबुलीला जात आणि जीव नकोसा व्हावा इतके हैराण होत. पुढे या अनुभवातूनच अशा अतिशंकेबद्दल त्यांनी नियम लिहिले. प्रत्येक विचाराला पाप समजणे ही भक्तीची खूण नसून मनाची गफलत आहे, हे चर्चला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. हे प्रवचनांतून जास्त वेळा ऐकू यायला हवे, असे मला वाटते.

## सैतान आहे, पण सबब नाही

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, मानवजातीचा पहिला जबाब नोंदवला गेला आहे. देव विचारतो, ते फळ खाल्लेस काय? आदाम म्हणतो, तू दिलेल्या या बाईने मला दिले. म्हणजे एका वाक्यात बायकोही आली आणि देवही आला. हव्वा म्हणते, सर्पाने मला भुलवले. सर्पाला मात्र कोणी विचारत नाही. आणि शिक्षा? तिघांनाही. मोहात पाडणारा होता हे खरे धरूनही फळ खाणाऱ्याला सूट मिळत नाही, हा या कथेचा कणा आहे.

पुढच्याच अध्यायात आदामाचा मुलगा काइन भावावर जळफळत असताना देव त्याला बजावतो, पाप दाराशी दबा धरून बसले आहे, पण तू त्याच्यावर सत्ता चालवली पाहिजेस. काइन चालवत नाही. याकोबाच्या पत्रात हे सिद्धांतासारखे येते : मोह होत असता ‘देवाने मला मोहात घातले’ असे कोणी म्हणू नये, जो तो आपल्याच वासनेने ओढला जातो, वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते, आणि पाप वाढले की मरणाला.

सैतान सुचवू शकतो, भरीला घालू शकतो. पण माणसाची इच्छा त्याला जबरीने वळवता येत नाही, ही कॅथलिक शिकवण आहे. न्यायालयेही ही सबब ऐकत नाहीत. 1981 साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात खुनाचा आरोप असलेल्या एका तरुणाच्या वकिलाने ‘त्याच्या अंगात सैतान शिरला होता’ असा बचाव करायचा प्रयत्न केला. असे सिद्ध करता येत नाही म्हणून न्यायाधीशांनी तो बचाव घेऊच दिला नाही, आणि आरोपी सदोष मनुष्यवधात दोषी ठरला.

## आदामाने खाल्ले, मी का भरू?

सगळ्यात अडणारा मुद्दा हाच. ‘आदिपाप’ म्हणजे आदामाच्या पतनामुळे प्रत्येक माणसाला जन्मतःच मिळणारी बिघडलेली अवस्था. नुकत्याच जन्मलेल्या बाळाने काय गुन्हा केला, असे कोणीही विचारेल.

वडिलांच्या नावे असलेली जमीन मुलाच्या नावावर होते, तेव्हा सातबाऱ्यावरचा सोसायटीचा बोजाही तिच्याबरोबर येतो. कर्ज मुलाने काढलेले नाही. त्याला कोणी कर्जबुडवा म्हणणार नाही. पण जमीन हाती येते ती मोकळी येत नाही, आणि पुढे तिचे काय करायचे याची जबाबदारी आता त्याचीच असते. कॅथलिक शिकवण जवळपास हेच म्हणते : आदिपाप हे ‘केलेले’ पाप नसून ‘लागलेले’ आहे, वैयक्तिक अपराध नव्हे. म्हणजे माणूस मुळात चांगला, पण जखमी, चुकीकडे कललेला. बापाचे पाप मुलाच्या माथी मारायचे नाही, असे यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात देवाच्याच तोंडी आहे, हेही इथे आठवावे.

यावर मोठे रण माजले ते पाचव्या शतकात. ब्रिटनकडून आलेल्या पेलागियसचा दावा होता, की देवाने आज्ञा दिली त्याअर्थी ती पाळण्याची ताकदही माणसात आहे. मनावर घ्या आणि पाप सोडा. उत्तर आफ्रिकेतले बिशप ऑगस्टीन म्हणाले, माझ्या स्वतःच्या आयुष्यात तरी तसे दिसत नाही. देवाच्या कृपेशिवाय, म्हणजे न मागता मिळणाऱ्या त्याच्या मदतीशिवाय, माणूस उठू शकत नाही. 418 साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलागियसचे मत नाकारले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चनी मात्र ऑगस्टीनची सगळी मांडणी कधीच घेतली नाही. त्यांच्या मते आदामाकडून आपल्याला मिळते ते मरण आणि दुबळेपण, त्याचा अपराध नव्हे.

अकराशे वर्षांनी तेच भांडण नव्या कपड्यांत आले. 1524 मध्ये इरॅस्मस या विद्वानाने माणसाच्या स्वतंत्र इच्छेच्या बाजूने लिहिले. पुढच्याच वर्षी प्रॉटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक मार्टिन लूथर याने उलट लिहिले, की तारणाच्या, म्हणजे पापातून सुटकेच्या, बाबतीत माणसाची इच्छा बांधलेली आहे. कॅथलिकांनी ट्रेंटच्या धर्मपरिषदेत मधली वाट धरली : इच्छा दुबळी झाली, मेली नाही. पेलागियसचे म्हणणे ऐकायला मर्दानी वाटते. पण ‘मनावर घेतले तर जमेल’ हे घरातल्या दारुड्याला सांगून पाहिलेल्या कोणालाही त्यातली पोकळी माहीत असते. जे चांगले करावेसे वाटते ते मी करत नाही आणि जे वाईट नकोसे वाटते तेच करतो, ही प्रेषित पौलाची बायबलमधल्या रोमकरांस पत्रातली कबुली मला त्याहून खरी वाटते.

## सगळ्यांचा दोष सारखा नसतो

इच्छा दुबळी असेल तर दोष किती द्यायचा? कॅथलिक चर्चने 1992 साली प्रसिद्ध केलेल्या अधिकृत धर्मशिक्षणात याचे मोजमाप आहे. पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी एकदम लागतात : मामला गंभीर हवा, तो गंभीर आहे हे माणसाला पुरेपूर ठाऊक हवे, आणि त्याने विचारपूर्वक संमती दिलेली हवी. एक जरी कमी पडली तर दोष हलका होतो. अज्ञान, भीती, जबरदस्ती, जडलेली सवय, मानसिक आजार यांनी जबाबदारी कमी होऊ शकते, कधी पूर्ण नाहीशीही होते. कृत्य वाईटच राहते. दोष किती, तो प्रश्न वेगळा.

याचा सर्वात मानवी परिणाम आत्महत्येच्या बाबतीत दिसतो. 1917 च्या चर्च-कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला धार्मिक अंत्यविधी नाकारला जाई. आधीच कोसळलेल्या घरावर तो दुसरा घाव असे. 1983 च्या नव्या कायद्यात अंत्यविधी नाकारण्याच्या यादीतून आत्महत्या वगळली गेली. 1992 चे धर्मशिक्षण तर स्पष्ट सांगते, की तीव्र मानसिक त्रासाने माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशा व्यक्तीच्या तारणाची आशा सोडू नये.

व्यसनाबद्दल विचारणाऱ्यांनी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसकडे पाहावे. 1935 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये सुरू झालेली ही चळवळ एका ख्रिस्ती गटाच्या वातावरणातून आली. तिच्या बारा पायऱ्यांपैकी पहिली म्हणते, दारूपुढे माझे काही चालत नाही. आठवी आणि नववी म्हणतात, ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी कर आणि जाऊन भरपाई कर. ‘माझ्या हातात नाही’ आणि ‘निस्तरायचे मलाच आहे’ ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाने म्हणायची आहेत. तर्काला हे विचित्र वाटेल, पण त्या बैठकांना बसणाऱ्यांना वाटत नाही.

## कबुली दिली की हिशेब मिटला?

आता त्या जाळीच्या खिडकीकडे. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात त्या कबुलीचा क्रम असा : आधी आपल्या वागण्याची मनाशी उजळणी, मग खरा पस्तावा, पुन्हा तसे न करण्याचा निश्चय, मग धर्मगुरूसमोर कबुली, मग क्षमेचे शब्द आणि प्रायश्चित्त. यातला पस्तावा आणि निश्चय नसेल तर कबुली पोकळ असते, आणि धर्मगुरू क्षमा नाकारू शकतो. ‘परवा पुन्हा तेच पाप करणार आहे, आज सांगून टाकतो’ हे चालत नाही.

क्षमेनंतरही भरपाई शिल्लक राहते. चोरलेला माल परत करायचा, कोणाची बदनामी केली असेल तर ती धुऊन काढायची. यासाठी लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय हा जकातदार नेहमी आठवला जातो. येशू घरी येताच तो म्हणतो, माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करतो. चौपट! आपल्याकडच्या किती घोटाळेबाजांनी असे केले, हे वाचकांनीच आठवावे.

क्षमेचा बाजार कधी झालाच नाही असे नाही. प्रायश्चित्तातून सूट देणारी पत्रे पैशांवर मिळू लागली, म्हणूनच 1517 मध्ये लूथरने पंचाण्णव मुद्दे मांडले. प्रॉटेस्टंटांनी पुढे धर्मगुरूपुढची सक्तीची कबुली सोडली. पाप थेट देवापुढे सांगायचे, आणि उपासनेत सगळ्यांनी मिळून. मराठी मुलखातही याचे एक विलक्षण उदाहरण आहे. 1905 मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे धार्मिक जागरण झाले, त्यात मुली आणि बायका सर्वांसमोर रडत आपापली पापे बोलून दाखवत होत्या. तिथे जाळी नव्हती, फादर नव्हते.

## मग गुन्हेगाराला पाठीशी का घालायचे?

कॅथलिक धर्मगुरूने कबुलीतली गोष्ट कोणालाही सांगायची नाही, पोलिसांनाही नाही. हा नियम 1215 च्या लॅटरन धर्मपरिषदेपासून लेखी आहे, आणि तो सरळ मोडणारा आपोआप बहिष्कृत होतो. पोलिसांकडे जा, असे धर्मगुरू त्या माणसाला आग्रहाने सांगू शकतो; त्याच्या वतीने स्वतः जाऊ शकत नाही. गुप्ततेची खात्री नसेल तर कोणी येऊन बोलणारच नाही, असा चर्चचा युक्तिवाद आहे.

भारताच्या पॉक्सो कायद्याचे कलम 19 म्हणते, की बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्या कोणा व्यक्तीला कळेल तिने ते पोलिसांना कळवलेच पाहिजे. त्यात धर्मगुरूंना वेगळी सूट लिहिलेली नाही. म्हणजे दोन कायदे समोरासमोर उभे आहेत. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने मे 2025 मध्ये धर्मगुरूंनाही अशी सक्ती केली, कबुलीचा अपवाद न ठेवता. जुलैमध्ये फेडरल न्यायाधीशांनी कबुलीपुरती ती रोखली आणि पुढे राज्यानेही तेवढ्यापुरता आग्रह सोडला. कबुलीबाहेर कळलेली गोष्ट मात्र तिथल्या धर्मगुरूंना कळवावीच लागते.

माझ्या मते चर्चचे खरे अपयश जाळीच्या खिडकीत घडलेच नाही. ते घडले बिशपांच्या कार्यालयांत. 2002 मध्ये बॉस्टनमधली प्रकरणे उघड झाली तेव्हा दिसले, की मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंची तक्रार आली की त्यांची एका पॅरिशमधून, म्हणजे स्थानिक चर्चमधून, दुसरीकडे बदली होत होती. ती माहिती फायलींत होती, कबुलीत नव्हे. गुन्ह्याला नुसते पाप समजले गेले आणि पापाला क्षमा असते म्हणून गुन्हा झाकला गेला. हे चर्चच्या स्वतःच्या शिकवणीलाही सोडून होते, कारण भरपाईची अट तिथे कोणालाच आठवली नाही. 2019 च्या डिसेंबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा प्रकरणांवरची ‘पोपची गुप्तता’, म्हणजे चर्चच्या अंतर्गत कारवाईवरचे गोपनीयतेचे बंधन, उठवली. कबुलीच्या गुप्ततेला हात लावलेला नाही.

## जे एकट्याचे नाही ते कोणी कबूल करायचे?

आतापर्यंतचे सगळे एका माणसाच्या संमतीभोवती फिरले. पण जातिभेदाला संमती कोणी दिली? तमिळनाडूत तिरुचिरापल्लीतल्या एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवणारी भिंत आहे. तिथे येणारा आजचा माणूस म्हणेल, ही मी बांधली नाही. भारतीय कॅथलिक बिशपांनी 2016 मध्ये दलितांविषयी धोरण जाहीर केले, त्यात जातिभेदाला गंभीर सामाजिक पाप म्हटले आणि चर्चमध्ये तो टिकून असल्याचे मान्य केले. पण सामाजिक पाप म्हटले की ते कोणाचेच उरत नाही, हीही भीती असते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती 1984 मध्येच ओळखली होती. समाजाचे पाप हे अनेक माणसांच्या वैयक्तिक पापांचा साठा असते, असे त्यांनी लिहिले. आणि ती माणसे कोण, तेही सांगितले : अन्याय घडवणारे, त्याचा फायदा उपटणारे, तो थांबवणे हातात असूनही आळसाने, भीतीने, मुद्दाम गप्प राहून किंवा बेफिकिरीने न थांबवणारे, आणि जग बदलणे शक्यच नाही या समजुतीत आसरा शोधणारे.